इराणी पुढे की बास्क? अमेरिकेतल्या दोन समाजांची आर्थिक तुलना करायची रीत

अमेरिकेत कोणत्या समाजाचं उत्पन्न किती, अशी यादी आपल्या व्हॉट्सॲप गटांवर अधूनमधून फिरत असते. भारतीय वरच्या टोकाला असतात, त्यामुळे ती पुढे पाठवायला कुणी वेळ लावत नाही आणि खालची नावं कुणी वाचत नाही. मी आयडाहोतल्या बॉइसी शहरात एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. त्या खालच्या नावांतली एक जोडी मी दर वर्षी विद्यार्थ्यांपुढे टाकते: इराणी आणि बास्क (स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क प्रदेशातून आलेले लोक). दोघांत बरं कुणाचं चाललंय, सांगा. मुलांना वाटतं, दोन आकडे शोधायचे आणि वजाबाकी करायची. पण तुलना करताना माणूस जिथे जिथे फसतो त्या बहुतेक सगळ्या जागा या एका जोडीत भेटतात, म्हणून तर ती देते. कुणाला स्वतः करून पाहायचं असेल तर मी सांगते ती रीत अशी.

आधी माणसं ठरवा

उत्पन्नाचा तक्ता उघडायच्याही आधी एक प्रश्न कागदावर लिहा: मी नक्की कुणाला मोजणार आहे? अर्धं काम इथेच आहे, आणि बहुतेक जण तेच गाळतात.

अमेरिकेत ही माहिती आता दहा वर्षांच्या जनगणनेतून मिळत नाही. २००० सालापर्यंत जनगणनेचा एक लांबलचक अर्ज काही घरांना जायचा, त्यात उत्पन्न, शिक्षण, वंश सगळं विचारलेलं असे. तो बंद झाला आणि त्याची जागा 'अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे'नं घेतली. वर्षाला सुमारे ३५ लाख पत्त्यांवर तो जातो. आपल्या कामाचे त्यातले प्रश्न चार: जन्म कोणत्या देशात झाला, पूर्वज कुठले, घरात इंग्रजीखेरीज कोणती भाषा बोलता, आणि बाहेर जन्मला असाल तर अमेरिकेत कोणत्या वर्षी आलात.

इराणी माणूस जन्मस्थानावरून सापडतो. बास्क माणूस सापडत नाही. बास्क प्रदेश स्पेन आणि फ्रान्स यांच्यात वाटला गेलेला आहे, तो देश नाही. त्यामुळे बिल्बाओत जन्मलेला बास्क आणि सेव्हिलमध्ये जन्मलेला अंदालुसियन दोघेही जन्मस्थानाच्या रकान्यात 'स्पेन'. बास्क शोधायचे तर पूर्वजांच्या रकान्याकडेच जावं लागतं. हे उत्तर माणूस स्वतः, मनाला येईल तसं लिहितो आणि त्यातली पहिली दोन नावं नोंदली जातात.

आता २००० सालच्या जनगणनेतले आकडे बघा. पूर्वजांच्या रकान्यात 'बास्क' लिहिणारे ५७,७९३. 'इराणी' लिहिणारे ३,३८,२६६. त्याच वर्षी खुद्द इराणात जन्मलेले अमेरिकेतले रहिवासी सुमारे २ लाख ८३ हजार होते. म्हणजे इराणी समाज मुख्यतः स्वतः देश सोडून आलेल्यांचा. बास्कांत मात्र बहुतेक जण इथेच जन्मलेले, कुणाचे वडील आले, कुणाचे आजोबा, कुणाचे पणजोबा. यादीत दोघांनाही 'स्थलांतरित समाज' म्हटलेलं असतं. एकीकडे स्थलांतर केलेली माणसं आणि दुसरीकडे स्थलांतर केलेल्यांची नातवंडं, यांची वजाबाकी केली तर जे उत्तर येईल ते इराणी-बास्क फरकाचं नसून पिढ्यांच्या फरकाचं असेल. मला या सगळ्या खटाटोपात सांगायचं आहे ते मुख्यतः एवढंच.

म्हणून चार कप्पे करा. इराणात जन्मलेले, अमेरिकेत जन्मलेले इराणी वंशाचे, बाहेर जन्मलेले बास्क वंशाचे, अमेरिकेत जन्मलेले बास्क वंशाचे. पहिल्याची तुलना तिसऱ्याशी, दुसऱ्याची चौथ्याशी. तिरकी तुलना करू नका.

कप्प्यांना गळती आहे, तीही ओळखून ठेवा. कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेलमध्ये इराणातून आलेले आर्मेनियन बरेच आहेत. ते पूर्वजांच्या रकान्यात साहजिकच 'आर्मेनियन' लिहितात. लॉस एंजेलिसमधला इराणी ज्यू 'ज्यू' लिहील, तर ते उत्तर वंश म्हणून मोजलंच जात नाही, कारण जनगणना खातं धर्माची उत्तरं बाजूला ठेवतं. 'पर्शियन' लिहिणारे मात्र इराण्यांतच धरले जातात. उलट बाजूनं, ईबेचे संस्थापक पिअर ओमिद्यार इराणी आईबापांचे, पण जन्म पॅरिसचा. जन्मस्थानावरून ते फ्रान्सचे ठरतात. बास्कांत कुणी नुसतं 'स्पॅनिश' लिहितं, तर कुणाची एक आजी बास्क आणि बाकी सगळे आयरिश, तरी तो अभिमानानं 'बास्क' लिहितो. उपाय साधा आहे. इराण्यांचं गणित जन्मस्थानावरून एकदा आणि वंशावरून एकदा, असं दोन्ही रीतींनी करा. निष्कर्ष बदलला तर तसं लिहा.

आडनावांवरून शोधायचा मोह कुणाला तरी होतोच. एचेवेरिया हे अस्सल बास्क आडनाव, पण ते मेक्सिकोच्या एका राष्ट्राध्यक्षांचंही होतं. तीनशे-चारशे वर्षं बास्क लोक स्पेनच्या वसाहतींत पसरत होते, आडनावं त्यांच्याबरोबर गेली. ही वाट सोडा.

वर्णाच्या तक्त्यांतही वेळ घालवू नका. अमेरिकेच्या सरकारी वर्गवारीत इराणी आणि बास्क दोघेही आजवर 'गोरे' म्हणूनच मोजले गेलेत. मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिका असा वेगळा गट करायचं मार्च २०२४ मध्ये ठरलं. २०२० च्या जनगणनेत मात्र 'गोरे'च्या खाली मूळ लिहायला जागा होती. तिथे ५,६८,५६४ जणांनी 'इराणी' लिहिलं. हा आकडा माणसं मोजायला उपयोगी, पण त्या जनगणनेत उत्पन्न विचारलेलं नव्हतं.

नमुना पुरेल का, ते बघा

बॉइसीत राहून बास्क थोडे आहेत हे पटणं अवघड जातं. ग्रोव्ह स्ट्रीटवर त्यांचा अख्खा 'बास्क ब्लॉक' आहे, संग्रहालय आहे, जुनं बोर्डिंग हाउस आहे. दर पाच वर्षांनी 'जैआल्दी' हा उत्सव भरतो (२०२० चा कोविडमुळे पुढे ढकलत शेवटी २०२५ मध्ये झाला), तेव्हा शहरात पाय ठेवायला जागा नसते. पण २००० सालच्या मोजणीत आयडाहोत बास्क होते ६,६३७, नेव्हाडात ६,०९६, आणि कॅलिफोर्नियात २०,८६८. इथल्या मुलांना हा शेवटचा आकडा दाखवला की वर्गात थोडी कुरकुर होते.

तयार तक्त्यांत लहान गट सापडत नाहीत, म्हणून व्यक्तिगत नोंदींची फाइल घ्यावी लागते. मिनेसोटा विद्यापीठाच्या 'आयपम्स' संकेतस्थळावर नाव नोंदवलं की ती फुकट मिळते. पाच वर्षांची एकत्र फाइल घ्या. तीत लोकसंख्येच्या साधारण ५ टक्के नोंदी असतात. ५७,७९३ चे ५ टक्के म्हणजे २,९०० च्या आतबाहेर. ऐकायला बरं वाटतं. पण त्यातून बाहेर जन्मलेले वेगळे काढा, मग ३५ ते ५४ वयाचे, मग आयडाहोतले, की हातात मूठभर नोंदी उरतात. शंभराच्या खाली नोंदी गेल्या की मी तो कप्पा आकडा म्हणून छापू देत नाही. नियम माझा आहे, कुठल्या पुस्तकातला नाही, पण तो पाळल्यानं पश्चात्ताप होत नाही.

प्रत्येक नोंदीला भार दिलेला असतो, म्हणजे ती एक नोंद किती जणांच्या वतीनं धरायची तो आकडा; तो लावल्याशिवाय काहीच मोजू नका. घराचं उत्पन्न मोजताना घराचा भार, माणसाचं मोजताना माणसाचा.

मग येते त्रुटीची मर्यादा, म्हणजे नमुन्यामुळे आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ते. सरकारी तक्त्यात आकड्याशेजारी अधिक-उणे चिन्हानं ती छापलेली असते आणि ती ९० टक्के खात्रीची असते. तिला १.६४५ नं भागलं की प्रमाण त्रुटी मिळते. समजा (आकडे काल्पनिक आहेत), पहिल्या गटाचं मध्यक उत्पन्न (निम्मे लोक ज्याच्या वर आणि निम्मे खाली असतात तो आकडा) ९०,००० डॉलर, अधिक-उणे २,५००. दुसऱ्याचं ८४,०००, अधिक-उणे ९,०००. प्रमाण त्रुटी अनुक्रमे १,५२० आणि ५,४७१. दोन्हींचे वर्ग करून बेरीज, बेरजेचं वर्गमूळ: ५,६७८. उत्पन्नातला फरक ६,०००. त्याला ५,६७८ नं भागलं तर १.०६ येतं, जे ९० टक्के खात्रीसाठी लागणाऱ्या १.६४५ पेक्षा कमी. म्हणजे सहा हजारांचा फरक दिसतो खरा, पण त्यावर 'पहिला गट पुढे' असं विधान करता येत नाही. मोठ्या गटाची मर्यादा अरुंद आणि लहान गटाची रुंद, असं इथे नेहमीच होणार. बास्कांचा आकडा कायम थरथरता असतो. याद्या छापणारे ही थरथर पुसून टाकतात आणि एकाला १२ वा, दुसऱ्याला ३१ वा क्रमांक देऊन मोकळे होतात.

आले कधी, आणि काय घेऊन

आकड्यांच्या मुलांना इतिहासाचा कंटाळा. पण इथे तो वाचल्याशिवाय आकडा वाचता येत नाही.

बास्क अमेरिकेच्या पश्चिमेत आले ते कॅलिफोर्नियातल्या १८४९ च्या सोन्याच्या लाटेपासून, आणि पुढे अडकले मेंढ्यांत. नेव्हाडा, आयडाहो, ओरेगन, कॅलिफोर्निया इथल्या मोकळ्या रानांत एकटा माणूस, कुत्रा आणि हजार-दोन हजार मेंढ्या. जमीन स्वतःची नसली तरी चराई फुकट, आणि पगाराऐवजी मेंढ्या घेतल्या तर काही वर्षांत स्वतःचा कळप उभा राहायचा. १९२४ च्या कायद्यानं स्पेनला वर्षाला फक्त १३१ जागा दिल्या आणि ओघ आटला. १९३४ च्या टेलर ग्रेझिंग कायद्यानं सरकारी कुरणं परवान्याखाली आणली, त्यामुळे जमीन नसलेल्या फिरत्या मेंढपाळाचा धंदाच संपला. दुसऱ्या महायुद्धानंतर मेंढपाळ मिळेनात, तेव्हा १९५० च्या सुमारास नेव्हाडाचे सिनेटर पॅट मॅकॅरन यांच्या खटपटीनं खास कायदे होऊन पुन्हा तरुण बास्क आणले गेले. १९७० च्या दशकात स्पेनमध्येच बरे पगार मिळू लागल्यावर ते यायचे थांबले आणि मेंढ्यांमागे पेरू देशातली माणसं आली.

याचा आकड्यावर परिणाम काय? बाहेर जन्मलेल्या बास्कांच्या कप्प्यात म्हातारी माणसं भरपूर. विशीत आलेला मेंढपाळ आज ऐंशीच्या पुढे. त्याचं उत्पन्न म्हणजे सोशल सिक्युरिटी हे महिन्याचं सरकारी निवृत्तीवेतन; घराचं कर्ज मात्र केव्हाच फिटलेलं. उत्पन्नाच्या तक्त्यात तो गरीब दिसतो, खर्चाच्या वहीत नाही. आणि ज्यांनी वेळेत जमीन घेतली त्यांच्या कुटुंबाकडे रँच, म्हणजे गुरं-मेंढ्या पाळायची मोठी जमीन, असते. तिची किंमत या सर्वेक्षणात कुठेच धड दिसत नाही, कारण त्यात उत्पन्न विचारतात, घराची किंमत विचारतात, पण एकूण संपत्ती विचारत नाहीत.

इराण्यांची गोष्ट उलटी सुरू होते. १९७९-८० मध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांत ५१,३१० इराणी विद्यार्थी होते, तेव्हा कोणत्याही देशापेक्षा जास्त. इराणात क्रांती झाली, तेहरानमधल्या अमेरिकी दूतावासातल्या लोकांचं ओलीस प्रकरण झालं, १९८० मध्ये दोन देशांचे राजनैतिक संबंध तुटले. शिकायला आलेले इथेच राहिले. ज्यांना जमलं ते डॉक्टर, इंजिनिअर, व्यापारी, बँकवाले कुटुंबासह बाहेर पडले. लॉस एंजेलिसचा वेस्टवूड भाग फारसी पाट्यांनी भरला. म्हणजे निवड सुरुवातीलाच झालेली होती: डिग्री आणि हातात थोडंफार भांडवल असलेले लोक आले. इराणात जन्मलेल्या प्रौढांत आज निम्म्याहून जास्त पदवीधर आहेत, अमेरिकेच्या सरासरीच्या बरेच वर. पण त्या कप्प्यातही एक थर खाली आहे. मुलांनी नंतर बोलावून घेतलेले आईवडील, धार्मिक अल्पसंख्याक म्हणून निर्वासित झालेले बहाई, ज्यू, आर्मेनियन. साठीत आलेल्या माणसाची इथे दहा वर्षांची नोकरी होत नाही, आणि ४० तिमाही भरल्याशिवाय स्वतःच्या कामाचं सोशल सिक्युरिटी निवृत्तीवेतन मिळत नाही. म्हणून इराण्यांचं सरासरी उत्पन्न कधीही एकटं वाचू नका. मध्यक बघा, आणि त्याबरोबर सगळ्यात खालच्या पाव लोकांचं उत्पन्न जिथे संपतं तो आकडा व दारिद्र्यरेषेखालचं प्रमाण. एकाच समाजात सर्जन आणि सरकारी मदतीवर जगणारी आजी एका टेबलावर जेवतात.

दोन्हीकडे नामवंत आहेत, त्यांना गणितापासून लांब ठेवा. फ्रान्सकडच्या बास्क मेंढपाळाचा मुलगा पॉल लॅक्सॉल्ट नेव्हाडाचा गव्हर्नर आणि सिनेटर झाला. तेहरानमध्ये जन्मलेले दारा खोस्रोशाही उबरचे प्रमुख झाले. निबंधाला शोभा येते, मध्यक जागचा हलत नाही.

तर वय बांधून घ्या. मी ३५ ते ५४ घेते, कारण शिक्षण संपलेलं असतं आणि निवृत्ती लांब असते. इराणात जन्मलेल्यांत आणखी एक भाग पाडा: १९८५ च्या आधी आलेले आणि नंतरचे. ३५-५४ वयोगटात पहिल्या भागाचे लोक आता लहानपणी आलेलेच उरतात, हे मात्र ध्यानात ठेवा.

काय मोजायचं

घराचं उत्पन्न हे सगळ्यात लोकप्रिय माप आणि सगळ्यात फसवं. घर कोणत्या समाजाचं, हे ज्याच्या नावावर घर किंवा भाडेकरार आहे त्या माणसावरून ठरतं. बास्क नवरा आणि जर्मन वंशाची बायको असेल तर अर्जावर पहिलं नाव कुणी लिहिलं त्यावर घराचा वंश ठरला! घरात माणसं किती, याचाही हिशेब हवा. त्यासाठी उत्पन्नाला माणसांच्या संख्येच्या वर्गमुळानं भागायचं. चार माणसांचं एक लाख डॉलरचं घर आणि एकट्या माणसाचं पन्नास हजारांचं घर या रीतीनं सारखं ठरतं. ढोबळ आहे, पण न भागण्यापेक्षा बरं.

स्वतःचा धंदा दोन्हीकडे आहे आणि दोन्हीकडे तो आकड्याला चकवतो. धंदा कंपनी म्हणून नोंदवलेला असेल तर मालक स्वतःला देतो ते 'पगारा'त जातं. नसेल तर नफ्याच्या रकान्यात. रँचचा नफा एखाद्या दुष्काळी वर्षी उणेही असतो. फक्त पगाराचा रकाना घेतलात तर दंतवैद्यही चुकेल आणि रँचरही. एकूण वैयक्तिक उत्पन्न घ्या.

आता ठिकाण. इराणी जवळपास निम्मे कॅलिफोर्नियात, त्यातही लॉस एंजेलिस आणि ऑरेंज काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग). बास्कांतही कॅलिफोर्निया पहिला, पण तिथले बरेच बेकर्सफील्ड, चिनो अशा शेतीच्या पट्ट्यातले, आणि बाकीचे विनेमका, एल्को, बॉइसी. वेस्टवूडमधला डॉलर आणि विनेमकातला डॉलर एक नव्हे. सरकारचं आर्थिक विश्लेषण खातं राज्यं आणि महानगरांसाठी किमतींचा निर्देशांक काढतं, देश म्हणजे १००. त्यानं उत्पन्नाला भागा. अधिकृत दारिद्र्यरेषा मात्र लॉस एंजेलिसला आणि एल्कोला तीच असते, त्यामुळे महागड्या शहरातली गरिबी ती कमी दाखवते. घरभाडं धरणारं 'पूरक' दारिद्र्यमाप वेगळं आहे. लहान गटासाठी ते मिळवणं कटकटीचं, पण निदान वाचणाऱ्याला तसं सांगा. घराच्या किमतीची थेट तुलना मी करतच नाही. मालकीचं घर आहे की नाही, एवढं विचारते, आणि तेही वय बांधूनच.

तयार तुलनांचा सापळा

दोन समाज निवडा, बटण दाबा, तीस मापांची तुलना समोर, अशी पानं आता भरपूर निघाली आहेत. त्यांची रीत काय ती आधी वाचा. काही ठिकाणी ते काउंटीतलं इराण्यांचं प्रमाण घेतात, त्या काउंटीचं एकूण उत्पन्न घेतात आणि दोन्हींचा संबंध काढतात. म्हणजे काउंटीचा गुण माणसाला चिकटवतात. आमच्या शेजारच्या नेव्हाडातली एल्को काउंटी बघा: तिथे बास्कांचं प्रमाण चांगलं आहे आणि पगारही चांगले आहेत. पगार चांगले आहेत ते सोन्याच्या मोठ्या खाणींमुळे. खाणीत ट्रक चालवणाऱ्याच्या पगारानं बास्क रेषा वर जाते, आणि वाचणाऱ्याला वाटतं मेंढपाळांच्या नातवंडांनी नाव काढलं. काढलंही असेल; पण ते या आलेखातून कळत नाही.

एकच संध्याकाळ हाताशी असेल तर

फाइल, भार, वर्गमुळं हे सगळं जमणार नसेल तर 'आयपम्स'च्याच संकेतस्थळावर ऑनलाइन तक्ते करायची सोय आहे, काही उतरवून घ्यावं लागत नाही. सगळ्यात अलीकडची पाच वर्षांची फाइल निवडा. वय ३५ ते ५४. जन्म अमेरिकेत. पूर्वजांचं पहिलं उत्तर इराणी किंवा बास्क. मग फक्त तीन गोष्टी काढा: वैयक्तिक उत्पन्नाचा मध्यक, पदवीधरांचं प्रमाण, दारिद्र्यरेषेखालचं प्रमाण. प्रत्येक कप्प्याशेजारी भार न लावलेल्या नोंदींची संख्या लिहा. दुसऱ्या पिढीची दुसऱ्या-तिसऱ्या पिढीशी होणारी ही तुलना सगळ्यात कमी वाकडी आहे.

जुन्या वर्षाशी ताडून बघायचं असेल तर एकमेकांवर न चढणारे काळ घ्या. २०१५-१९ शेजारी २०२०-२४ चालेल. २०१६-२० शेजारी २०१७-२१ ठेवलंत तर चार वर्षं दोन्हीकडे तीच असतात आणि बदल दिसायला जागाच राहत नाही. दोन्ही काळांचे डॉलर एका वर्षाच्या किमतीत आणा, आणि कोणतं वर्ष धरलं ते तक्त्याच्या डोक्यावर लिहा, तळाशी बारीक अक्षरात नको.